रोटरवरची खूण

मोटरच्या रोटरची स्थिती मोजणारा जुना एन्कोडर काढण्याआधी देवेशने रोटरच्या दांड्यावर लाल ऑइलपेंटचा ठिपका देऊन ठेवला होता. नवा एन्कोडर त्या ठिपक्याशी नेमका जुळला नाही, तर सर्वो मोटर सुरू होताच उधळणार.

दसऱ्याची यंत्रांची आयुधपूजा आटोपल्यावर तो नवा एन्कोडर घेऊन अंबत्तूरच्या कारखान्यात परतला. कामगारांनी मशीन रॉकेलने घासूनपुसून लख्ख केलं होतं, वर झेंडूचा हार. ठिपका जागच्या जागी होता. ठिपक्यावर बोट टेकवून त्याने खूण जुळवली, स्क्रू आवळले.

त्याच मोटरवर चालणाऱ्या मशीनच्या लोखंडी हाताखाली ऑपरेटर नारायणस्वामी वाकले होते.

“जरा लांब व्हा.”

“लांब कशाला, सार? तुमची खूण कधी चुकते का?”

देवेश हसला. त्याने बटण दाबलं.



हिरव्या बटणावर त्याच्या बोटाचं कुंकू उमटलं.