तात्यांची सुनावणी

"तात्या, हात जोडते, पण तिथे गाऱ्हाणं घालायचं नाही हं!" रुचिराने लॅपटॉप उघडता उघडता सासऱ्यांना बजावलं. "विचारतील तेवढंच बोला. हिंदीत. थोडक्यात."

धोंडूतात्यांनी मान डोलवली. अंगात इस्त्रीचा सदरा होता, डोक्यावर टोपी होती, पाय मात्र थंडगार पडले होते. मरोळच्या त्या दोन खोल्यांत भर दुपारी इन्कम टॅक्सचा साहेब येणार होता, तोही पडद्यावर. कुठल्या गावचा, काय नावाचा, काही कळायची सोय नाही. हल्ली म्हणे सगळी चौकशी अशीच, बिनचेहऱ्याची.

आता गिरणी बंद पडल्यावर वॉचमनगिरी केलेल्या माणसाकडे इन्कम टॅक्सचं काय काम? पण तात्यांनी करू नये ते केलं होतं. गावच्या रवळनाथाच्या देवळाचं छप्पर गळायला लागलं, म्हणून मुंबईतल्या गाववाल्यांनी वर्गणी काढली. त्यांच्या मंडळाची नोंदणी नाही, पॅन नाही, खातं कुठलं उघडणार? "धोंडूच्या खात्यात टाका रे, तो बँकेपेक्षा पक्को!" मंडळातला भाऊराव भर सभेत ओरडला आणि टाळ्या पडल्या. तात्यांची छाती फुगली. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, जिकडून तिकडून पैसे येऊन पडले. आणि मग नोटीस आली. ही रक्कम कुठून आली ते सांगा, नाहीतर तुमचंच उत्पन्न धरून कर आणि दंड लावू.

कर भरायचा तर देवळाच्याच पैशांतून. म्हणजे छप्पर गेलं, आणि गावभर बोभाटा, धोंड्यान देवाचे पैसे खाल्ल्यान! तात्यांची झोपच उडाली. नोटीस देवाच्या तसबिरीमागे सरकवून ते गप्प बसले होते. रुचिराने ती ओढून काढली. ती अंधेरीत एका सीएच्या ऑफिसात कामाला. "नोटिशीला घाबरायचं नसतं तात्या, आणि लपवायचं तर मुळीच नसतं. मुदतीत उत्तर द्यायचं," ती म्हणाली. तिने सासऱ्यांना घरोघर पिटाळून प्रत्येक देणाऱ्याकडून सहीनिशी लिहून आणवलं, बँकेचे उतारे जोडले, आणि म्हणणं मांडायला ही सुनावणीही मागून घेतली. पोर हुशार, त्यात वाद नाही. पण साताऱ्याची. तिला गाऱ्हाण्यातलं काय कळणार?

तात्या रोज सकाळी देवापुढे गाऱ्हाणं घालत. प्रेमा, त्यांची बायको, होती तोवर हातात पीठ असलं तरी स्वयंपाकघरातून प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा!" म्हणायची. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा, तेव्हा कुठे ते देवापर्यंत पोचतं. प्रेमा गेली आणि तात्यांची सगळी गाऱ्हाणी अधांतरी राहिली. नोटीस त्यामुळेच आली, अशी त्यांची मनातून खात्री होती.

पडद्यावर एक चक्र गरगरत होतं. "थांबा, येतील," रुचिरा म्हणाली. डोक्यावरून एक विमान गेलं, इतकं खालून की कपबशा किणकिणल्या. त्या चक्राकडे बघता बघता तात्यांचे डोळे जड झाले. विमानाची घरघर ढोलासारखी वाटू लागली. मग ढोलच वाजायला लागला. पायाला गार फरशी लागली. सुरंगीच्या फुलांचा वास आला. गळक्या कौलांतून उन्हाचे कवडसे थेट देवाच्या अंगावर पडले होते आणि सगळा गाव हात जोडून उभा होता. प्रेमासुद्धा होती, हिरव्या लुगड्यात, तरणीताठी. काय सुख वाटलं तात्यांना! तेवढ्यात गाभाऱ्याच्या अंधारातून आवाज आला.

"धोंडू परब जी, आपके खाते में आया हुआ यह पैसा किसका है?"

देव हिंदी का बोलतोय, हे तात्यांच्या मनातही आलं नाही. ते उठून उभे राहिले. डोळे मिटलेलेच होते. त्यांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्यो तुझो धोंडू तुझ्या पायाकडे उभो आसा. तुझ्या देवळाचा छप्पर गळता, म्हणान तुझ्या लेकरांनी पोटाक चिमटो काढून पैसे माझ्या हातात दिल्यानी. तेतूरलो एक पैसो मी खावक नाय. आता सायब इचारतत, पैसे कोणाचे? देवा, तूच सांग! माझा काय चुकला माकला आसात तर सांभाळून घे, पण तुझा ता तुका मिळांदे. आणि ज्येंनी माझ्यार संशय घेतल्यानी, तेंच्याय पोराबाळांचा बरा कर रे म्हाराजा!"

ढोल थांबला. तात्यांनी डोळे उघडले. समोर देऊळ नव्हतं, प्रेमा नव्हती. होता तो काळा पडदा आणि कपाळाला हात लावून बसलेली सून.

"वाट लागली," रुचिरा पुटपुटली आणि घाईघाईने पडद्याकडे वळली. "सॉरी सर, वो जरा... उमर हो गयी है ना..."

पलीकडचा कॅमेरा बंदच होता. रुचिराने आवाज वाढवून बघितला.

"सब देनेवालों के लिखित बयान मैंने देख लिए हैं," शेवटी तो कोरडा आवाज म्हणाला. "बैंक के हिसाब से मेल खाते हैं. मुझे और कुछ नहीं पूछना."

रुचिराने मोठा श्वास सोडला. "थँक यू सर!" ती म्हणाली आणि तात्यांना बसायची खूण केली. तात्या बसले नाहीत. हात तसेच जोडलेले होते, मान जराशी स्वयंपाकघराकडे कललेली होती. रोज सकाळी थांबायचे तसेच ते थांबले होते. रुचिराला एकदम भरून आलं, पण काय म्हणायचं असतं तेच तिला ठाऊक नव्हतं.

सुनावणी बंद होणार, एवढ्यात त्या काळ्या पडद्यामागे कुणीतरी घसा खाकरला आणि दबक्या आवाजात म्हणालं,

"व्हय म्हाराजा!"