उघडे डबे

शुभांगी सकाळी अंगणात आली, तर डबे पुन्हा उघडेच. त्यांच्यावर टाकायची गोणपाटं ओसरीच्या कडेला घडी घालून ठेवलेली होती. तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत, दोन फुटक्या माठांत आणि एका जुन्या घमेल्यात मिरचीची कोवळी रोपं उभी होती. कडेच्या डब्यातली मात्र काळी पडून मातीवर लोळली होती. निफाडकडं त्या पौषात थंडी अशी पडली होती, की द्राक्षवाले पहाटेच बागेत शेकोट्या पेटवून धूर करत होते.

गोणपाट टाकायचं काम तिच्या सासूचं, सरुबाईचं. सगळा जन्म रोपं वाढवण्यात गेलेली बाई; आणि आता रोज विसरत होती. शुभांगीनं आदल्या दिवशी विचारलंही होतं, मी झाकू का म्हणून. सरुबाई तुटकपणे म्हणाली होती, की त्या डब्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. शेजारच्या चिमणाबाईनं तर शुभांगीला बाजूला घेऊन सांगितलं, सासूला जप, नवऱ्याच्या दुखण्यानं तिचं ध्यान उडालंय.

दुखणं खंडेरावांचं होतं. दसऱ्याच्या सुमारास त्यांची डावी बाजू गेली. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की उठवा, चालवा, हात हलवायला लावा, बरंच काही परत येईल. पण घरी आल्यापासून खंडेराव ओसरीतल्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले ते पडलेच. मुलगा ज्ञानेश उठवायला गेला की अंग सोडून देत. माझं झालं आता, एवढंच म्हणत.

मिरचीचं बियाणं त्यांचंच होतं. आखूड, जाड सालीची, झणझणीत मिरची. दर हंगामात चांगली झाडं हेरून त्यांनी ती राखली होती. तालुक्यात तशी दुसऱ्या कुणाकडं नव्हती. यंदा ते मळ्यातल्या वाफ्यापर्यंत जाऊ शकत नव्हते. म्हणून सरुबाईनं घरात होतं नव्हतं तेवढं सगळं बी डब्यांत टाकलं आणि डबे अंगणात, खाटेच्या समोर मांडले. कोंब वर आले तेव्हा खंडेरावांनी पहिल्यांदा अंगणाकडं कूस बदलली.

आणि आता तीच रोपं थंडीनं मरत होती.

दुसऱ्या दिवशी कडाका आणखी वाढला. ज्ञानेश पहाटेच बागेकडं गेला होता. दोघी सासूसुना चुलीपाशी होत्या. एवढ्यात ओसरीतून खंडेरावांचा जडावलेला आवाज आला.

"अगं, पानांवर दहिवर गोठलंय. पाणी शिंपडा कुणीतरी. ऊन आलं तर सगळं जळंल."

शुभांगी उठली.

"बस खाली," सरुबाई म्हणाली. "दूध उतू जाईल."

दूध अजून कोमटही झालं नव्हतं. शुभांगीनं सासूकडं पाहिलं. सरुबाईनं पदराचं टोक मुठीत इतकं घट्ट धरलं होतं, की बोटं पांढरी पडली होती. बाहेरून पुन्हा हाक आली, मग आणखी एक, रागाची. सरुबाई चुलीतल्या जाळाकडं बघत राहिली.

मग खाट करकरली.

शुभांगीला दारातून दिसत होतं. खंडेराव खाटेच्या कडेला बसले, खांबाला धरून उभे राहिले. डावा पाय फरफटत पायरीपर्यंत आले आणि तिथं खाली बसून बसूनच अंगणात उतरले. पायरीजवळच्या बादलीत उजवा हात घालून त्यांनी पहिल्या डब्यावर पाणी शिंपडलं, मग दुसऱ्यावर. घमेलं लांब होतं. त्याच्यापर्यंत ते मातीतून सरकत गेले. उजव्या हातावर अंगाचा भार होता, तेव्हा काठ धरायला त्यांनी डावा हात पुढं केला. बोटं थरथरली, आणि काठावर मिटली.

आतमध्ये सरुबाईनं दूध उतरवलं आणि डोळे पुसले. धूर झालाय म्हणाली.

त्या दिवसापासून डबे खंडेरावांचे झाले. उन्हाबरोबर ते डबे सरकवत, माती उकरत, पाणी जास्त झालं की सुनेवर करवादत. आणि सरुबाई त्यानंतर एकदाही विसरली नाही. सूर्य मावळायच्या आत गोणपाटं टाकून कडेला दगड ठेवायची. ते शुभांगीच्या नजरेतून सुटलं नाही.

निम्मी रोपं गेली, निम्मी जगली. लावणीला खंडेराव काठी टेकत स्वतः मळ्यात आले आणि बांधावर उभे राहून ज्ञानेशला सांगू लागले, की रोप इतकं खोल लावायचं नाही. सरीत वाकलेल्या दोघींना तो आवाज ऐकू येत होता. शुभांगीला राहवलं नाही.

"आत्याबाई, तुम्ही विसरत नव्हता."

सरुबाईनं पुढचं रोप सरीत धरलं.

"घरातलं शेवटचं बी होतं ते. सगळंच जळालं असतं तर?"

सरुबाईनं रोपाच्या बुडाशी माती दाबली आणि बांधाकडं एकदा बघून घेतलं.

"मिरची दुसऱ्याची मागून आणली असती," ती म्हणाली. "माणूस कुठनं आणला असता?"