मनोऱ्यावरून दिसणारी गच्ची

मनोऱ्यावरच्या प्रसिद्ध घड्याळाला नवऱ्यानं चाळीस वर्षं चावी दिली, बायकोला थापाही तेवढीच वर्षं मारल्या. एकदा म्हणे ढगाला टेकून डुलकी काढली! जेवताना रोजची तक्रार, “तू गच्चीवर कपडे वाळत घालतेस तेव्हा मी वरून रुमाल हलवतो. मान वर करशील तर शपथ!” “एवढ्या लांबून दिसतं होय? जेवा गुमान!” तो गेल्याला पंधरा दिवस झाले, तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आज चावी परत करायला ती लेकीबरोबर पहिल्यांदाच वर चढली. पर्यटक घड्याळाचे फोटो काढत होते; ती पाठ फिरवून खाली बघत राहिली. पूल, बेकरीचं धुराडं, त्यापलीकडे तिची गच्ची. दोरीवर सकाळी धुतलेला त्याचा हिरवा सदरा, नखाएवढा, पण लख्ख. “रुमाल दे गं.” आई एकदाची रडणार म्हणून लेकीला हायसं वाटलं. आईनं रुमाल गच्चीकडे हलवला.