राखीव क्वार्टरबॅक

आमच्या नेब्रास्कातल्या गावात सगळे विचारायचे, "कोच, दोन्ही क्वार्टरबॅकमध्ये फरक काय?" क्वार्टरबॅक म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू. मी म्हणायचो, कोल्टनची फेक लांब जाते, एमेटची नजर. कोल्टन मुख्य, एमेट राखीव. सरावात एमेट दर आठवड्याला पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा क्वार्टरबॅक व्हायचा. त्याच्यासारखा धावायचा, फेकायचा, ओरडायचासुद्धा, म्हणजे आमची बचावफळी तयार व्हायची. अंतिम सामन्यात कोल्टनचा घोटा मोडला. एमेटने हेल्मेट चढवत हळूच विचारलं, "कोच, आज कोणासारखं खेळू?" बाकावर पाय पसरून बसलेल्या कोल्टनने डोळे पुसले. "इकडे ये, येड्या," म्हणत त्याने एमेटच्या हेल्मेटचा पट्टा आवळला. "मंगळवारी सरावानंतर आपल्या बचावफळीतल्या दांडग्या डॅरलला चकवलंस. तेव्हा कोणाची नक्कल होती?" "कोणाचीच नाही." "मग तसाच खेळ." एमेट मैदानात गेला. माझ्या शेजारी उभा डॅरल समोरच्या बचावपटूंकडे बघून पुटपुटला, "बिचारे."