भरलेल्या बाटल्या

बाईंनी पहिल्या बाकावरची बाटली उचलली. काठोकाठ भरलेली. दुसरी उचलली, तीही तशीच. शाळा सुटायला अर्धा तास उरला होता आणि आठवीच्या चाळीस मुलींच्या बाटल्या सकाळी आल्या तशाच परत घरी निघाल्या होत्या.

"पाणी काय शाळेत फिरायला आणता?" बाई कडाडल्या.

मुली भराभर बाटल्या दप्तरात कोंबू लागल्या.

खिडकीकडची एक जागा रिकामी होती. ती चिमणीची. अंगापिंडानं एवढीशी, म्हणून सगळ्या तिला चिमणीच म्हणत. दोन दिवसांपूर्वी ती प्रार्थनेला उभी असतानाच कोसळली. अंगात फणफणून ताप, कमरेत कळा. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडापर्यंत संसर्ग गेलाय, ही पोरगी दिवसदिवस पाणीच पीत नाही. वर्षात हे दुसऱ्यांदा झालं होतं. पुन्हा झालं तर मूत्रपिंड कायमचं अधू होईल, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

बाई शाळेत आरोग्य शिकवायच्या. नखं खाणं, सकाळी उपाशीपोटी येणं, मोबाइलला चिकटून बसणं, कुठलीही वाईट खोड दिसली की त्या हात धुऊन तिच्या मागे लागायच्या. मुली पाठीमागे त्यांना खोडरबर म्हणायच्या. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

दुसऱ्याच दिवशी पाण्याची घंटा सुरू झाली. दर तासाला घंटा, आणि घंटा झाली की प्रत्येकीनं चार घोट प्यायचे. दोन दिवस झकास गेले. बाटल्या रिकाम्या! तिसऱ्या दिवशी बाई जरा लवकर वर्गात शिरल्या, तर दोघीजणी खिडकीतून बाटल्या उपड्या करत होत्या.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, तुमची मैत्रीण तिकडे दवाखान्यात पडलीय आणि तुम्ही मला फसवता? पाणी प्यायला सांगतेय मी, एरंडेल नाही!"

"प्यायलो आम्ही, बाई," एक पुटपुटली. "उरलेलं ओतलं."

"हो का? खोटं बोल, पण रेटून बोल!"

आणि मग बाईंच्या डोक्यात आलं, संडास घाण असणार. नक्कीच. नाहीतर पोरी पाण्याला एवढ्या का भिताहेत? कुणाची तरी खरडपट्टी काढायचीच, अशा तयारीनं त्या भर तासाला तरातरा मागच्या इमारतीत गेल्या. चार संडास होते. चारही रिकामे, चारही लख्ख. नळाला पाणी होतं, दारांना कड्या होत्या. सफाईच्या मावशी बादली पालथी घालून निवांत बसल्या होत्या.

"माझ्या कामात खोट काढून दाखवा, बाई," मावशी म्हणाल्या.

खोट नव्हतीच. त्यामुळे बाईंचा राग आणखीच वाढला. तो घेऊन त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत घुसल्या.

"सर, पाणी स्वच्छ, संडास स्वच्छ. आता दोष कुणाचा? घरच्यांचा! पालकांना बोलवून घ्या, चांगलं खडसावते एकेकाला."

"जरा बसा, बाई. वर्गाबाहेर भटकायची खोड तुम्ही मागच्या वर्षी महिनाभरात मोडलीत. हीसुद्धा मोडाल."

"तेव्हा मी पिच्छा पुरवला म्हणून मोडली."

"तेच म्हणतोय मी. पण एक सांगायचं राहिलं," सरांनी चष्मा काढला. "चिमणीच्या आईचा फोन होता. मुलीचं नाव काढून घ्यायचं म्हणतात. शाळा नको, पोर हवी, असं म्हणाल्या."

"व्वा! चोराच्या उलट्या बोंबा!" बाई उठल्याच. "वर्गात पहिली येणारी पोरगी घरी बसवणार? बघतेच मी."

शाळा सुटल्या सुटल्या त्या दवाखान्यात पोचल्या. चिमणीच्या हाताला सलाईन लावलं होतं. कॉटवर ती आणखीच एवढीशी दिसत होती. आई उशाशी बसली होती. बाईंना बघून ती उठली, पण या म्हणाली नाही.

"घरी पाणी द्यायला काय होतं हो तुम्हाला?" बाईंनी सुरुवातच तिथून केली.

"रविवारी तांब्यावर तांब्या रिचवते ती," आई म्हणाली. "शाळेच्या दिवशी मात्र सकाळपासून घोटभर नाही. हातापाया पडले तिच्या. मग मी काय समजायचं, बाई? शाळेतच काहीतरी आहे ना?"

हे बाईंच्या ध्यानीमनी नव्हतं. म्हणजे कुणीतरी या पोरीला त्रास देत होतं, आणि त्यांच्या नाकाखाली! त्या कॉटच्या कडेला टेकल्या. चिमणीचा हात त्यांनी हातात घेतला.

"घाबरू नकोस, बाळा. काय होतं ते सांग. जो कुणी असेल ना, त्याला मी सोडणार नाही."

चिमणीनं आधी आईकडे पाहिलं.

"मधल्या सुट्टीत संडासाला खूप मोठी रांग असते, बाई. माझा नंबर लागायच्या आत घंटा होते."

"मग तासाला विचारून जायचं! कोण नाही म्हणतं? नाव सांग, उद्या सकाळी त्याला सरांपुढे उभा करते."

"नाही म्हणत नाही कुणी. सगळे सोडतात. जाताना फक्त वहीत नाव लिहायचं असतं."

"मग अडतं कुठं?"

"तुम्ही शनिवारी सगळ्या शाळेसमोर ती नावं वाचता ना, बाई, कोण किती वेळा गेलं ते," चिमणी म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. "माझं अजून एकदाही आलेलं नाही."