निरोगी माणसाची काच

एकोणीसशे सत्त्याऐंशी साली, एका दुपारी, लॅबच्या अंधाऱ्या खोलीत डॉक्टरबाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता विचारलं, "ताई, ही काच कुणाची?"

"शिंप्याची."

"आणि ही?"

"ती निरोगी माणसाची. म्हणजे माझी."

"मग तुमची का चमकतेय?"

वॉर्डात एक शिंपी अंगभर फोड घेऊन पडला होता. शरीर आपल्याच कातडीवर उलटतं, असा आजार असावा अशी शंका होती. रक्तात त्याची द्रव्यं असली, तर ती काचेवरच्या माकडाच्या अन्ननलिकेच्या पातळ कापावर जाऊन चिकटतात आणि रंग दिला की अंधारात हिरवं जाळं दिसतं. सोबत निरोगी रक्ताचीही एक काच लावायची. ती काळी राहिली, तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. त्यासाठी लॅबमध्ये काचा लावणाऱ्या ताई कित्येक वर्षं स्वतःचंच रक्त वापरत. हाताशी असायचं, कुणाच्या विनवण्या कराव्या लागायच्या नाहीत.

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नाहीतर धुताना घाई."

एरवी असं कुणी म्हटलं असतं, तर ताईंनी त्याची सालटी काढली असती. आज त्या लगेच म्हणाल्या, "झालीच असेल. सकाळपासून माझं लक्षच नव्हतं. पुन्हा लावते सगळं."

"लावा. पण या वेळी माझंही रक्त घ्या." डॉक्टरबाईंनी हात पुढे केला. "रोज आटवताच, आज काढूनच घ्या."

ताई हसल्या आणि सुई घेऊन आल्या.

काचा तयार होईपर्यंत त्यांना एका जागी बसवेना. धुतलेल्या बाटल्या त्यांनी पुन्हा धुतल्या. बाहेर गेल्या, तर शिंप्याची बायको उभीच. "बाई, औषध आज सुरू होईल ना?" "होईल हो," म्हणून त्या परत आत आल्या. जीभ सारखी गालाच्या आत जात होती. तिथे काही महिन्यांपासून जखमा होत्या. दाढेचं टोक लागतंय म्हणून दातांच्या डॉक्टरांनी दाढ घासून दिली होती. तरी घास गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. घरी सासूबाई शेजारणीला सांगत, "आमच्या सूनबाईचं तोंड आपोआप बंद झालंय. देवच पावला." ताईही हसल्या होत्या, अर्ध्या तोंडाने.

काचा झाल्या. "आधी मी बघते," ताई म्हणाल्या.

शिंप्याची काच हिरवीगार. पेशीपेशीभोवती जाळं. डॉक्टरबाईंची काळी. ताईंनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा पाहिलं. काळी ती काळीच.

मग त्यांनी स्वतःची लावली आणि बघतच राहिल्या. सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याखाली हिरवा रंग हळूहळू विझतो, हे त्यांनीच कितीतरी जणांना शिकवलं होतं. तरी त्यांनी डोळा हलवला नाही. जाळं फिकं झालं, मग नुसतं धुकं, मग तेही गेलं.

"संपलं बघा," त्या म्हणाल्या. "काही नाहीये."

डॉक्टरबाईंनी डोळा लावला आणि काच बोटाने किंचित सरकवली. शेजारचा भाग अजून हिरवाच होता. मग म्हणाल्या, "दिवा लावते. तोंड उघडा, ताई. हा आजार बहुतेकदा तिथूनच सुरू होतो."

ताईंनी ओठ घट्ट मिटले. मान वळवून म्हणाल्या, "आधी शिंप्याचं लिहून द्या. त्याची बायको ताटकळलीय."

शिंप्याला त्याच संध्याकाळी गोळ्या सुरू झाल्या. अंगावर डाग राहिले, पण लेकीच्या लग्नाचे कपडे त्याने स्वतः शिवले. ताईंचा चेहरा गोळ्यांनी सुजून गोल झाला, काही वर्षांनी उतरला, आणि नोकरी त्यांनी पुरी केली. सासूबाई शेवटपर्यंत सुनेचं ताट आधी वाढत, निवायला ठेवून देत. त्याबद्दल कधी कुणाशी बोलल्या नाहीत. डॉक्टरबाई निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी गेल्या.

लॅबमध्ये मात्र निरोगी रक्ताची अडचण झाली, ती झालीच. नवी मुलगी आली की हसत हसत बाही वर करायची. तिला माझ्या काचेचं काही सांगू नका, असं ताईंनी सगळ्यांना बजावलं होतं. पण कुणीतरी सांगायचंच. मग ती मुलगी दुसरीकडेच बघत बाही हळूच खाली ओढून घ्यायची.