उरलेली दोन वर्षं

“नको, साहेब,” रॉइस पेटवे म्हणाला.

न्यायाधीश एव्हर्ट लिंडक्विस्ट यांनी चष्मा काढला. पिओरियाच्या फेडरल न्यायालयात एकोणतीस वर्षं बसून त्यांनी नाना तऱ्हा पाहिल्या होत्या. मोकळं करतो म्हटल्यावर नको म्हणणारा हा पहिलाच.

आज त्यांचा कामाचा शेवटचा दिवस. हे प्रकरण त्यांनी स्वतः मागवून घेतलं होतं. एकवीस वर्षांपूर्वी मूठभर नशेच्या मालापायी त्यांनी पेटवेला वीस वर्षं ठोठावली होती. त्याहून कमी शिक्षा कायदा देऊच देत नव्हता. “माझ्या हातात काही नाही,” असं ते तेव्हा म्हणाले होते. खरंच होतं ते. पण खरं बोलणाऱ्याला झोप लागतेच असं नाही.

अठरा वर्षं भोगून पेटवे बाहेर आला. मागे उरली सुटकेनंतरची पाच वर्षांची देखरेख. महिन्याला अधिकारी घरी येणार, परवानगीशिवाय राज्याबाहेर पाऊल नाही. त्यातली तीन वर्षं झाली होती, अजून दोन बाकी होती आणि ती मात्र एका सहीने संपवता येत होती. जाता जाता एवढा एक माणूस तरी सोडवावा, अशी म्हाताऱ्याची फार इच्छा होती.

“अहो, तुम्ही एकदाही नियम मोडला नाहीत,” ते म्हणाले. “आता कुठेही जा.”

“कुणाकडे जाऊ?”

पेटवेच्या आवाजात राग नव्हता.

“आई गेली तेव्हा मी आत होतो. बायकोने दुसरं घर केलं. पोरगी फोन उचलत नाही. या कीनरबाई तेवढ्या महिन्याला येतात. कॉफी घेत नाहीत, नियम आहे म्हणे. पण बसतात. गुडघा कसाय विचारतात. त्याही बंद झाल्या तर माझं दार कोण वाजवणार?”

देखरेख अधिकारी कीनरबाई फायलीत बघत राहिल्या.

सुटकेचा आदेश टाइप होऊन समोरच पडला होता. लिंडक्विस्ट यांनी तो बाजूला सारला आणि दुसरा हाताने लिहिला. देखरेख पूर्ण दोन वर्षं चालू राहील. आज त्यांच्यावर कुठल्याच कायद्याची सक्ती नव्हती. त्यांनी सही केली.

“उपकार झाले, साहेब,” पेटवे म्हणाला. तो हे अगदी मनापासून म्हणाला, आणि तेच न्यायाधीशांना सोसवेना.